पालक-आर्टिचोक डिप: ‘तेलाचा तवंग’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. उत्तर प्रतिक्रियेखालीच लिहायला घेतलं होतं, पण ते इतकं वाढलं की स्वतंत्र पोस्ट करावी लागली.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंनी पुण्यात नातवाच्या मित्रमंडळींसाठी माझं गरम पालक-आर्टिचोक डिप केलं (चिप्स बुडवून खायचं चीजचं घट्ट मिश्रण; आर्टिचोक ही एका काटेरी झाडाची कळी). वर तेलाचा तवंग, तळाला हिरवं पाणी, मधे दाणे दाणे. त्यांचं म्हणणं असं: पाककृतीच चुकीची आहे, एवढं चीज म्हणजे अन्न नव्हेच, आर्टिचोक मागणं ही परदेशातल्या मंडळींची मिजास आहे, हे सगळं शाकाहारी आहे की नाही तेही लिहिलेलं नाही, आणि दहा जणांनी एकाच भांड्यात चिप्स बुडवणं म्हणजे शुद्ध उष्टं. शेवटी पोस्ट काढून टाकायचा सल्ला.

पोस्ट काढणार नाही. उष्ट्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूची आहे, त्याच्याकडे येतेच.

तुम्ही काय काय बदललंत ते सगळं लिहिलंत, हे फार बरं केलंत. क्रीम चीजऐवजी घरचा चक्का. मोझरेला निम्मं, बाकीचं क्यूबवालं प्रोसेस्ड चीज. गोठवलेल्या पालकाऐवजी दोन जुड्या ताजा पालक, चिरून कच्चाच. आणि वरून रंग येईना म्हणून ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) २०० अंशांवर पाऊण तास. यातलं प्रोसेस्ड चीज सोडा, त्याने तुमचं काही बिघडवलं नाही. उरलेल्या तिघांनी मात्र आपापला वाटा उचलला.

चक्का आणि क्रीम चीज दोन्ही पांढरे, मऊ, जरासे आंबूस. गार असताना पावाला फासले तर फारसं अंतर जाणवत नाही. आच लागली की जाणवतं. अमेरिकेत क्रीम चीज म्हणून विकायचं तर त्यात किमान ३३ टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी ५५ टक्क्यांच्या वर चालत नाही, असा सरकारी नियम आहे. वर बहुतेक कंपन्या त्यात कॅरोबच्या बियांचा किंवा गवारीचा डिंक घालतात. त्यामुळे ते तापलं तरी पाणी सोडत नाही. चक्क्यात स्निग्धांश कमी, आंबटपणा जास्त, डिंक नाहीच. तापल्यावर त्यातली प्रथिनं आक्रसून एकमेकांना चिकटतात आणि पाणी बाहेर ढकलतात. तुमचे दाणे ते. बेसन न लावता ताक उकळलं की कढीचं जे होतं, तेच भट्टीत तुमच्या चक्क्याचं झालं.

मग उपायही कढीचाच. चक्का वापरायचा असेल तर त्याला पिठाचा आधार द्या. दोन मोठे चमचे लोण्यावर दोन मोठे चमचे मैदा परता, कच्चा वास गेला की कपभर दूध थोडं थोडं घालत घट्ट व्हाइट सॉस करा. गॅस बंद करा. मग किसलेलं चीज त्यात ढवळून विरघळवा, आणि सॉस कोमट झाल्यावर शेवटी चक्का. चक्का रात्रभर टांगलेला हवा आणि गोड दह्याचा हवा. आंबट दह्याचा कितीही घट्ट बांधलात तरी दगा देतो. क्रीम चीज मिळत असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही, तेवढाच त्याचा मोठेपणा. अनेकींनी विचारलंय म्हणून जाता जाता: पनीर इथे चालत नाही. आम्लाने फाडलेल्या दुधाचं पनीर वितळत नाही, कितीही तापवा, ते फक्त कोरडं आणि चिवट होत जातं.

तळाचं हिरवं पाणी पालकाचं. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि कच्चा घातला की ते सगळं डिपात उतरतं. मूळ पोस्टमध्ये मी १० औंसांची, म्हणजे २८३ ग्रॅमची गोठवलेल्या पालकाची खोकी लिहिली होती, कारण इथे अमेरिकेत ती सगळीकडे मिळते आणि तो पालक आधीच वाफवलेला असतो. ताज्याला मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून गार पाण्यात टाका आणि मग पिळा. पिळा म्हणजे हाताने दाबा असं नाही. पंचात गुंडाळून, पीळ घालून, थेंब पडायचा थांबेपर्यंत. दोन जुड्यांचा शेवटी मुठीत मावेल एवढा गोळा उरतो. तो बघून जीव हळहळतो आणि अजून एक जुडी घालावीशी वाटते. घालू नका.

आता तवंग. इथे माझा बहुतेक पाककृती-ब्लॉगांशीच वाद आहे. त्यात भट्टीला फार मान दिलेला असतो, ‘छान बुडबुडे येऊन कडा करपेपर्यंत’ वगैरे. डिपाला भट्टीत शिजण्यासारखं काहीच नसतं. पालक शिजलेला, आर्टिचोक शिजलेलं, चीज तर तयारच. भट्टीने फक्त ते सगळं गरम करायचं आणि वरून जरा रंग द्यायचा. चीजमधला स्निग्धांश चाळीस अंशांच्या आतच पातळ होतो. साठीच्या आसपास प्रथिनांची जाळी सैल होते आणि चीज वाहायला लागतं. आपल्याला हवी ती अवस्था हीच. पुढेही तापवत राहिलात तर पाणी उडून जातं, प्रथिनं पुन्हा आवळतात आणि धरून ठेवलेलं तूप बाहेर टाकतात. वर तवंग, खाली रबर. मुरलेल्या चेडारचं हे लवकर होतं, कोवळ्या मोझरेलाचं किंवा मॉन्टेरी जॅकचं उशिरा, पण पाऊण तासात कोणाचंही होईल.

तुमच्या क्यूबवाल्या चीजला नावं ठेवायला मी तयार नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट हा क्षार घालून ते वितळवलं आणि ते फुटलं नाही. १९१६ मध्ये जेम्स क्राफ्टने अमेरिकेत प्रोसेस्ड चीज करण्याच्या आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. सायट्रेट प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम काढून घेतं, मग मोकळी झालेली प्रथिनं तूप आणि पाणी दोन्हीला धरून ठेवतात. असे क्षार प्रोसेस्ड चीजमध्ये असतातच, आणि शेजारच्या मोझरेलालाही त्यांचा फायदा होतो. खाद्यशौकीन मंडळी नाक मुरडतात, पण गरम डिपात एखाद-दुसरा क्यूब घातलेला मला आवडतो. नुसत्या क्यूबचं मात्र करू नका, चव सपाट होते आणि तार येत नाही.

रंग न येण्याचं कारण तुमच्या ओटीजीतच असावं. या छोट्या भट्टीत वरचा रॉड भांड्याच्या अगदी जवळ असतो किंवा चालूच नसतो, मधलं काही नाही. म्हणून मिश्रण आधीच पातेल्यात मंद आचेवर कोमट करून घ्या, उथळ भांड्यात पसरा, वर थोडंसं चीज भुरभुरा. फक्त खालचा रॉड, १७५ अंश, वर फॉइल, पंधरा मिनिटं. मग फॉइल काढा, वरचा रॉड लावा आणि तिथेच उभ्या राहा. दोन-तीन मिनिटांत ठिपके पडतात. तेवढ्या वेळात फोन घेऊ नये.

आर्टिचोकची मिजास. इथे न्यू जर्सीत ते मला वाण्याच्या दुकानातल्या डब्यात मिळतं, साधारण ४०० ग्रॅमचा डबा, खारवलेल्या पाण्यातला. मिजास करावी अशी ती वस्तू नाही. काटेरी झाडाची न उमललेली कळी, बस. अमेरिकेतलं जवळपास सगळं व्यापारी पीक कॅलिफोर्नियात येतं आणि त्यातलं नावाजलेलं गाव म्हणजे मॉन्टेरी जिल्ह्यातलं कॅस्ट्रोव्हिल. तिथे रस्त्यावरच्या कमानीवर ‘जगाचं आर्टिचोक केंद्र’ अशी पाटी लावलेली आहे. गंमत म्हणजे या भाजीवर एकदा बंदीही आली होती. न्यूयॉर्कचा आर्टिचोकचा घाऊक बाजार माफियांच्या मुठीत होता, दुकानदारांना दमदाटी चालायची. तेव्हा महापौर फियोरेलो ला गार्डिया यांनी डिसेंबर १९३५ मध्ये भल्या सकाळी बाजारात जाऊन, तुताऱ्या वाजवून, लहान आर्टिचोकच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. थोड्याच दिवसांत ती उठवलीही.

तर पुण्यात ते डबे महाग पडत असतील तर सोडून द्या. मी मूळ पोस्टमध्ये ‘आर्टिचोकशिवाय होत नाही’ असं म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. मक्याचे दाणे घातलेत तर मुलं खूष होतील, पण मक्याचा गोडवा चीजच्या खारटपणाशी भांडतो, हिरवी मिरची वाढवावी लागते. मला विचाराल तर सगळ्यात जवळचं आहे केळफूल. तोच किंचित तुरट, कळीचा मऊपणा. एकेका फुलातला कडक दांडा आणि पापुद्रा काढून, रात्रभर ताकात ठेवून, उकडून, चांगलं पिळून बारीक चिरून घाला. निवडायला कंटाळा येतो हे मान्य. नातवाला बसवा निवडायला, पार्टी त्याची आहे.

शाकाहाराबद्दल विचारलंत ते योग्यच. खरं इटालियन पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या रेनेटशिवाय (त्याच्या पोटातून काढलेल्या, दूध साकळवणाऱ्या द्रव्याशिवाय) करताच येत नाही, तसा त्यांचा नियमच आहे, म्हणजे ते शाकाहारी नव्हे. अमेरिकेत ‘पार्मेझान’ नावाने मिळणारं काही सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं, काही नसतं. पाकीट उलटून वाचावं लागतं. १९९० मध्ये प्रयोगशाळेत किण्वनाने तयार केलेल्या रेनेटला इथे मान्यता मिळाली, तेव्हापासून निवड वाढली. इथल्या काही सावर क्रीममध्ये जिलेटिन असतं आणि वूस्टर सॉसमध्ये मासे, म्हणून मी तो सॉस घालतच नाही. तुमच्याकडे हिरवा ठिपका बघितला की काम झालं.

एवढं चीज म्हणजे अन्न नव्हे, यावर मी फार वाद घालणार नाही. २२६ ग्रॅमच्या क्रीम चीजच्या विटेत सुमारे ८०० कॅलरी असतात, बाकीचं सगळं धरून भांडं सोळाशे-सतराशेवर जातं. दहा-बारा जणांत वाटलं तर माणशी दीडशेच्या आसपास, चिप्स वेगळे. रोज खायचं हे नव्हेच. इथे फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या रविवारी सगळे सामना बघत उभ्याउभ्याने खातात आणि यजमानालाही टीव्हीसमोर बसायचं असतं, त्यासाठीचा हा पदार्थ आहे. मला त्याची खरी काळजी वाटते ती मिठाची. चीज खारट, आर्टिचोक खारवलेलं, चिप्स खारट. म्हणून वरून मीठ अजिबात घालू नका, लसूण आणि मिरपूड मोकळ्या हाताने घाला.

आणि उष्टं. इथले लोक अर्धा चावलेला चिप पुन्हा बुडवणं यावर विनोद करतात आणि तेच करतात. क्लेम्सन विद्यापीठात पॉल डॉसन यांच्या गटाने हे तपासून २००९ मध्ये निष्कर्ष छापले: चावलेला तुकडा पुन्हा बुडवला की तोंडातले जिवाणू डिपात उतरतात. पातळ साल्सात ते जास्त सापडले, कारण चिपवरून ओघळून परत भांड्यात जातं. घट्ट चीजच्या डिपात कमी. कमी म्हणजे नाहीच असं नव्हे. माझ्याकडे भांड्याशेजारी मोठा डाव आणि छोट्या ताटल्या असतात. आपल्या ताटलीत वाढून घ्यायचं आणि मग काय बुडवायचं ते बुडवा. अमेरिकन पाहुण्यांनाही यात कधी वावगं वाटलेलं नाही. वाढायला खाकरा ठेवू नका, तो मोडतो आणि तुकडा आतच राहतो. लादीपावाच्या चकत्या तव्यावर कडक केलेल्या उत्तम.

एकच मोठं भांडं करण्यापेक्षा दोन छोटी करा. एक पाहुण्यांसमोर, दुसरं न तापवता थांबलेलं; पहिलं संपत आलं की दुसरं आत. गार झालेलं डिप पुन्हा पुन्हा तापवायचं टळतं, आणि तवंगाचं निम्मं कारण तेच असतं. बिडाची छोटी कढई असेल तर त्यातच करा, ऊब बराच वेळ टिकते. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं मात्र टाकून द्या, हा इथल्या अन्नसुरक्षा खात्याचा नियम आहे आणि पुण्यातल्या उकाड्यात तर तो आणखी कडक पाळावा.

तुमच्या ओटीजीत वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा लावता येतो का, तेवढं कळवा. येत नसेल तर भट्टीच नको, झाकण ठेवून तव्यावर कसं करायचं ते लिहिते.