झाडं वेडी झालेली नाहीत

जानेवारीत डॅफोडिल, म्हणजे एरवी वसंतात फुलणारं कंदाचं फूल, फुललं. मीही हौसेने फोटो टाकला आणि अर्ध्या तासात खाली पाच-सहा जणांनी हसरे चेहरे टाकून लिहिलं, "झाडं पण वेडी झाली की!" तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. पोस्ट लांबणार आहे, सोसा.

वेडी? माझ्या मते सगळ्यात नेटाने हिशोब तीच ठेवतात. सफरचंद, चेरी यांचं गणित दोन टप्प्यांचं असतं. आधी थंडी मोजायची, म्हणजे ढोबळमानाने 7 अंशांखाली किती तास गेले ते. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना असे 800 ते 1000 तास लागतात. तेवढे भरेपर्यंत मधेच चार दिवस छान ऊन पडलं तरी फांदीवरचा डोळा फुटत नाही. नाहीतर सगळा बहर हिवाळ्याच्या तोंडावरच उधळला गेला असता. थंडीचा कोटा पुरा झाला की मग ऊब मोजायची. यंदा कोटा कसाबसा भरला आणि लगेच ऊबच ऊब. बेरीज बरोबर आली, एवढंच.

आणि थंडी फारच कमी पडली तर उलटंच होतं. कोटा भरत नाही, बहर लांबतो, एकाच फांदीवर इथे फूल, तिथे कळी, शेजारी मुका डोळा. शेवंती तर थंडीपेक्षा रात्रीच्या लांबीवर जास्त विसंबते. त्यामुळे "यंदा सगळंच लवकर" हेही खरं नाही.

तरी एकूण कल लवकरचाच आहे. जपानमधल्या क्योतोमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन 812 पासूनच्या आहेत, जुन्या रोजनिश्यांतून गोळा केलेल्या. तिथे 2021 मध्ये पूर्ण बहर 26 मार्चला आला, त्याआधीच्या बाराशे वर्षांत इतका लवकर कधीच नाही. ब्रिटनमधल्या 406 वनस्पतींच्या जुन्या नोंदी तपासल्या, तर 1986 नंतर पहिलं फूल सरासरी जवळजवळ महिनाभर आधी येतंय. हे वाचल्यावर ते हसरे चेहरे मला जरा टोचले, खरं सांगते.

मला भीती आहे ती मागाहून येणाऱ्या एका गोठवणाऱ्या रात्रीची. सफरचंदाची नुकती फुगू लागलेली कळी उणे 9 अंशांच्या आसपासपर्यंत बहुतेक तग धरते. तीच पूर्ण उमलली की उणे 2 ला नुकसान सुरू आणि उणे 4 ला जवळजवळ सगळं खलास. फूल एकदा उघडलं की परत मिटून कळी होत नाही. त्या कळीचं त्या वर्षाचं फळ गेलं.

म्हणून सध्या छाटणी बंद, नत्राचं खत बंद. कोवळा फुटवा आणखी कशाला वाढवायचा? आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, म्हणजे रात्री पारा खाली जायची लक्षणं दिसली, की संध्याकाळीच छोट्या झाडांवर जुनी चादर, अगदी जमिनीपर्यंत. सकाळी आठवणीने काढायची. (एकदा विसरले होते. दुपारी आत भट्टी झाली होती.)

डॅफोडिलची मात्र मला काळजी नाही. काल पहाटे गारठ्याने ते पार आडवं झालं होतं, मी सोडून दिलं होतं. दुपारी बघते तर परत उभं. फक्त त्याच्याकडे अजून एकही मधमाशी फिरकलेली नाही. 10 अंशांखाली त्या फारशा बाहेरच पडत नाहीत.