मांद्रेची कुत्री, स्विंडनची दोरी

चिंगीचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला की पहिला प्रश्न दोरीचा येतो. "अजून बांधूनच फिरवतेस गे तिला?" हा दादाचा. मागोमाग वहिनीचं, "बिचारी. हंय कशी वाऱ्यासारखी धावली असती." चिंगी मूळची गोव्यातल्या मांद्रेचीच, आमच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, जन्मलेली गावठी कुत्री. तिला इंग्लंडात आणायला रेबीजची लस, निदान तीस दिवसांनी रक्ततपासणी, नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबणं आणि मग विमानाच्या मालकक्षातून प्रवास, एवढं सगळं करावं लागलं. आता ती स्विंडनच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर दहा मीटर लांब दोरीच्या टोकाला हिंडते. ती दोरी मी सोडत नाही. त्याचं कारण गटावर दोन ओळींत सांगून होत नाही, आणि कुत्री कोंडायची की मोकळी सोडायची यावरून गोव्यात जो वाद पेटलाय त्याच्याशी या कारणाचा जवळचा संबंध आहे. म्हणून हे लिहिते.

गावठी कुत्रा ऐकत नाही, असं आपण सहज म्हणतो. माझा अनुभव वेगळा आहे. तो ऐकतो, त्याला कळतंही, आणि मग काय करायचं ते तो स्वतः ठरवतो. आयसर कोलकाता या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या चमूने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केले आहेत. कसलंही शिक्षण न मिळालेल्या या कुत्र्यांसमोर दोन भांडी ठेवून माणसाने एकाकडे बोट दाखवलं. जी कुत्री जवळ आली त्यांतल्या सुमारे 80 टक्क्यांनी दाखवलेलं भांडंच गाठलं. पण पुष्कळशी कुत्री मुळात जवळच आली नाहीत. मला या निकालाचे दोन्ही भाग महत्त्वाचे वाटतात. माणसाचा इशारा त्यांना वाचता येतो, आणि त्या माणसाजवळ जायचं की नाही हा निर्णय ती आधी घेतात.

जपानचा शिबा इनू, आफ्रिकेतला बसेंजी, बर्फातला हस्की, आपल्या दख्खनमधला कारवान ही सगळी याच स्वभावाची मंडळी. कारवान मोकळ्या माळावर नजरेने ससा हेरतो आणि त्याच्यामागे सुसाट सुटतो. तेवढ्या अंतरावर, तेवढ्या वेगात, मालकाच्या शब्दाची वाट पाहणारा कुत्रा ससा गमावणार. पिढ्यान् पिढ्या माणसाने निवडले ते स्वतःच्या डोक्याने धावणारे. याउलट मेंढ्या वळवणारा बॉर्डर कॉली किंवा पाडलेला पक्षी उचलून आणणारा लॅब्रडोर प्रत्येक पावलाला माणसाकडे बघणारा हवा, म्हणून तसा घडवला गेला. एकाला हुशार आणि दुसऱ्याला हट्टी म्हणणं हा अन्याय आहे. दोघंही नेमून दिलेलं काम चोख करतात.

जातीवरून सगळंच ठरतं असंही नाही. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या हजारो कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीने समजावता येतो, असं त्यात निघालं. मात्र माणसाच्या आज्ञेत राहण्याचा गुण इतर गुणांपेक्षा जातीशी अधिक जोडलेला दिसला. म्हणजे प्रत्येक कुत्रा वेगळा खरा, पण हाकेला धावून येण्याच्या बाबतीत रक्त काही ना काही बोलतंच.

चिंगी हाकेला येते. शिट्टी वाजली आणि हातात कोंबडीचा तुकडा असला की कान मागे टाकून धावत येते. बहुतेक वेळा येते. माझा सगळा विचार उरलेल्या वेळांभोवती फिरतो. झुडपातून मुंतजॅक हरीण उडालं की तिचं अंग ताठ होतं, शेपूट स्थिर होते, आणि त्या क्षणी माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला कोंबडीची आठवण राहत नाही, कारण पाठलाग हेच तिचं बक्षीस झालेलं असतं. कितीही शिकवलं तरी हे बक्षीस तिच्या शरीरातच आहे, माझ्या पिशवीत नाही. असा क्षण कुठे गाठेल हेही मला ठरवता येत नाही. तो मोकळ्या माळावर येईल, नाहीतर वेगाने गाड्या धावणाऱ्या रस्त्याच्या कडेला.

किंवा मेंढ्यांच्या कुरणात. स्विंडनहून बार्बरी कॅसलकडे चढलं की हजारो वर्षांच्या जुन्या वाटेच्या दोन्ही अंगांना मेंढ्या चरत असतात, आणि पायवाटा थेट त्यांच्या कुरणांतून जातात. इंग्लंडमध्ये 1953 चा कायदा आहे: मेंढ्या असलेल्या कुरणात कुत्रा दोरीला किंवा अगदी जवळच्या ताब्यात नसेल, तर तेवढ्यावरूनच मालक दोषी ठरू शकतो. चावा घेतलाच पाहिजे असं नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गाभण मेंढीच्या मागे कुत्रा नुसता धावला तरी त्या धसक्याने तिचं कोकरू जाऊ शकतं. कुत्र्याला ते खेळणंच वाटत असतं. दुसरा उपायच उरला नाही तर शेतकऱ्याने अशा कुत्र्याला गोळी घातली तरी कायदा त्याचा बचाव मानतो. शिवाय 1 मार्च ते 31 जुलै, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात, सर्वांना खुल्या केलेल्या माळरानांवर कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब दोरीला ठेवता येत नाही. त्या महिन्यांत आमची लांब दोरी तिथे चालत नाही. आम्ही आखूड दोरी लावतो, नाहीतर दुसरीकडे जातो.

तरीही इथे कुत्रा मोकळा सोडता येणं ही अनेकांना मानाची गोष्ट वाटते. लांबून कुणाचा तरी कुत्रा धावत येतो, चिंगी गुरगुरते, आणि मालक हसत ओरडतो की तो काही करत नाही. हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. समोरच्या कुत्र्याला काय वाटतं, समोरच्या माणसाला भीती वाटते का, हा विचार त्यात कुठे येतच नाही. ताबा म्हणजे कुत्रा चांगला असणं, असा समज इथेही खोल रुजलेला आहे.

मग मांद्रेत चिंगीची आई मोकळी कशी राहत होती, हा दादाचा प्रश्न रास्त आहे. ती राहत होती, आणि छान राहत होती. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्यावर ती उठायची. मासळीवाली कुठल्या दारात थांबते, कोण हाकलतं आणि कोण भाकरीचा तुकडा टाकतं, हे तिला पाठ होतं. वाड्याच्या हद्दीपलीकडे ती फारशी जात नसे आणि दिवेलागणीला पडवीत हजर. पण तो भरवसा एकट्या कुत्रीचा नव्हता. रस्त्यावर तासाला चार स्कूटर, प्रत्येक चालवणारा ओळखीचा, प्रत्येक पोर तिला नावाने हाक मारणारं, असं अख्खं गाव तिच्याभोवती कुंपणासारखं उभं होतं.

ते गाव आता तिथे नाही. 2023 च्या जानेवारीत मोप्याचा विमानतळ सुरू झाला. मोरजी-मांद्रे-हरमलचा रस्ता भाड्याच्या गाड्यांनी भरून वाहतो, आणि चालवणाऱ्याला पुढचं वळण ठाऊक नसतं. रात्री तापलेल्या डांबरावर पिल्लं झोपतात. भाटं विकली गेली आणि तिथे उंच भिंतींचे व्हिला आले. किनाऱ्यावरच्या शॅकचं उरलंसुरलं खाऊन कुत्री हंगामभर धष्टपुष्ट होतात. जूनच्या तोंडावर शॅक उतरतात तेव्हा त्यांना विचारायला कुणी नसतं. कुत्र्याचा स्वभाव तोच राहिला, पायाखालची जमीन बदलली. "आपली कुत्री पूर्वापार मोकळीच" हे म्हणणं म्हणून मला पटत नाही.

आणि कासवं. मोरजीला नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात. त्यांच्या संरक्षणाचं काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, आणि तेव्हापासून वनखात्याची माणसं नि गावकरी रात्र रात्र किनाऱ्यावर पहारा देतात. अंडी वाळूत साधारण दीड ते दोन महिने राहतात. कुत्र्याच्या नाकाला वाळूखालचं घरटं लपत नाही. ते उकरायला एका कुत्र्याला पाच मिनिटं पुरतात. यात कुत्र्याचा काडीचाही दोष नाही, तो त्याच्या नाकाशी प्रामाणिक आहे. पण ज्याच्या अंगणात तो रात्री झोपतो, त्या माणसाने हंगामापुरतं त्याला बांधायला काय हरकत आहे? इंग्लंडात जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलासाठी जे होतं ते मोरजीत कासवासाठी होऊ नये, असं कोणतंच कारण मला सापडत नाही.

देशभरचा वाद मात्र दुसऱ्याच टोकांवर चालू आहे. 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक असतील ती वगळून. 7 नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवावीत आणि परत तिथे सोडू नयेत, असा आदेश आला. तेव्हापासून आमच्या गटावर दोनच पक्ष आहेत. एकाला सगळी कोंडायची आहेत, दुसऱ्याला सगळी मोकळी हवीत.

गोव्याला या बाबतीत बोलायचा अधिकार आहे, कारण गोव्याने काम करून दाखवलंय. 2013 ते 2019 या काळात राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांच्या मोहिमेत वर्षाला 95 हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देण्यापर्यंत मजल गेली, सुमारे 70 टक्के कुत्री लसीखाली आली. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. कुणाला कोंडावं लागलं नाही. परदेशात कुणी भारतातल्या कुत्र्यांवर नाक मुरडलं की मी हेच आकडे सांगते, आणि अभिमानाने सांगते. पण लस दरवर्षी द्यावी लागते, आणि ज्याला धरून ठेवणारं, गळ्यात पट्टा घालणारं माणूस आहे, त्या कुत्र्याला ती देणं कितीतरी सोपं जातं.

बंदीचा रस्ताही आपण धरलाय. ऑगस्ट 2024 मध्ये हणजुण्यात पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. त्या आईचा विचार आला की आजही बोलणं थांबतं. जानेवारी 2025 मध्ये मंत्रिमंडळाने पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावर बंदीचा निर्णय घेतला. राग समजतो. मात्र तो कुत्रा भटका नव्हता, पाळलेला होता. ब्रिटनने 1991 मध्ये चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी आणली, त्यात पिटबुल होताच. तरी 31 डिसेंबर 2023 पासून एक्सएल बुली या आणखी एका प्रकारावर निर्बंध घालावे लागले. यादी वाढत जाते, आणि फाटक उघडं टाकणारा मालक यादीत कधीच येत नाही.

गोव्यातल्या या वादात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच: भटका म्हणून मोजला जाणारा कुत्रा बऱ्याचदा कुणाच्या तरी घरचा असतो. आमच्या गावात कितीतरी घरी कुत्रा दिवसभर फाटकाजवळ हातभर साखळीला बांधलेला असतो आणि रात्री सोडून देतात. दिवसा तो उन्हातान्हात एकाच वर्तुळात फिरतो, भुंकतो, वेडापिसा होतो. रात्री अंधारात, गाड्यांच्या मध्ये, कासवांच्या वाळूत, कुणाचीही नजर नसताना तो मोकळा. वहिनीला माझी दोरी क्रूर वाटते, आणि ती मनापासून म्हणते हे मला ठाऊक आहे. पण मला ती साखळी क्रूर वाटते आणि ती रात्र धोक्याची. लांब दोरीवर चिंगी तासन्‌तास हुंगते. वाट ती निवडते, एखाद्या दगडापाशी हवी तेवढी रेंगाळते, मी मागे उभी राहते. तिला सुसाट धावायचं असेल तर इथले शेतकरी उंच कुंपण घातलेली शेतं अर्ध्या अर्ध्या तासाने भाड्याने देतात. तिथे दोरी काढते. तिच्या स्वतंत्र बुद्धीवर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच ती मुंतजॅक बघून काय निर्णय घेईल हे मी ओळखून आहे.

मांद्रे, मोरजी आणि हरमलच्या पंचायतींना माझी विनंती आहे, आणि नाताळात येईन तेव्हा समोर येऊनही ती करेन. ज्या घरी कुत्रा जेवतो त्या घराने त्याला पट्टा घालावा, त्यावर घराचा फोन नंबर असावा. नोव्हेंबरपासून शेवटचं घरटं फुटेपर्यंत किनाऱ्यावर पाळलेला कुत्रा दोरीशिवाय दिसू नये, मग तो गावकऱ्याचा असो की व्हिलावाल्याचा. हातभर साखळी बंद व्हावी. आणि गावच्या पडीक जागेतला एक तुकडा कुंपण घालून कुत्र्यांना धावायला ठेवावा. दादा म्हणतो, कुंपणाला पैसे कोण देणार. आमच्या स्विंडनमध्ये मांद्रेच्या पेडणे तालुक्यातली बरीच मंडळी आहेत, त्यांतल्या काहींशी मी बोलले आहे. पहिल्या कुंपणाचा खर्च आम्ही उचलू, जागा पंचायतीने द्यावी.