तांदळाची वाइनही उतरते

तांदळाच्या वाइनविषयी एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा : ‘तांदळाच्या वाइनमध्ये अल्कोहोल असल्यामुळे ती कधीच खराब होत नाही, म्हणूनच साकेच्या (जपानच्या तांदळाच्या वाइनच्या) बाटलीवर अंतिम तारीख नसते, ती जितकी जुनी तितकी उत्तम, उघडलेली बाटलीही फ्रीजबाहेर वर्षभर टिकते, आणि बिघडलीच तर तिचे व्हिनेगर होते, तेही स्वयंपाकाला चालते.’ यातील जवळजवळ प्रत्येक विधानात सत्याचा एखादा कण आहे आणि म्हणूनच ते पटते. पण तो कण ज्या वाइनपुरता खरा आहे, त्या वाइनपुरताच तो ठेवला पाहिजे.

अल्कोहोलचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचे सारे त्याच्यावर उभे आहे. आंबवून केलेले पेय आणि ऊर्ध्वपातन करून काढलेले मद्य यांची येथे गल्लत झाली आहे. ओकिनावा बेटांवरील आवामोरी तांदळापासूनच होते, पण ती ऊर्ध्वपातित असल्यामुळे वर्षानुवर्षे टिकते. साके मात्र केवळ आंबवलेली असते आणि तिच्यात साधारण १५ ते १६ टक्के अल्कोहोल असते. कोरियाच्या माकगोलीत तर ते ६ ते ८ टक्क्यांच्या आसपासच असते. १५ टक्क्यांना माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, हे खरे. परंतु दुग्धाम्ल तयार करणाऱ्या काही जिवाणूंना एवढे अल्कोहोल मानवते. जपानी साकेकार त्यांच्या प्रादुर्भावाला ‘हिओची’ म्हणतात. तो झाला की साके गढूळ होते, आंबते आणि तिला नकोसा वास येतो. तो टाळण्यासाठी साके सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते, बहुधा दोनदा : एकदा साठवणीपूर्वी आणि एकदा बाटलीत भरण्याच्या वेळी. ही रीत जपानमध्ये सोळाव्या शतकात रूढ होती, म्हणजे लुई पाश्चरच्या सुमारे तीनशे वर्षे आधी. अल्कोहोल एकटे पुरेसे असते, तर सूक्ष्मजीव ही कल्पनाही ज्यांच्यापाशी नव्हती, त्या लोकांनी हा खटाटोप कशाला केला असता?

जी साके अजिबात तापवलेली नसते, तिला ‘नामाझाके’ म्हणतात. तिच्यात कोजी बुरशीने (तांदळातील पिष्टाची साखर करणाऱ्या बुरशीने) तयार केलेली विकरे शाबूत असतात, त्यामुळे बंद बाटलीतही तिची चव बदलत राहते. ती शक्यतो ५ अंशांच्या आत ठेवावी लागते आणि काही महिन्यांतच संपवलेली बरी. तापवलेली साधी साके अंधाऱ्या, थंड जागी वर्षभर चांगली राहते.

तारखेविषयीचे विधान अर्धेच सांगितले जाते. जपानमध्ये मद्याला अंतिम तारीख छापण्यातून सूट आहे, कारण ते जुने झाले म्हणून घातक होत नाही. चव टिकेल, असे आश्वासन त्या सुटीत नाही. न तापवलेल्या साकेच्या लेबलावर ती कशी साठवावी याची सूचना त्याच जपानमध्ये द्यावी लागते. शिवाय कोरियात विकल्या जाणाऱ्या माकगोलीवर मुदत छापलेली असते, आणि ताज्या, न तापवलेल्या माकगोलीची मुदत बहुधा दहा दिवसांपासून महिनाभरापर्यंतच असते. तिच्यात यीस्ट जिवंत असते आणि वायू तयार होत राहतो, म्हणून ती फ्रीजमध्ये आणि उभीच ठेवायची.

‘जितकी जुनी तितकी उत्तम’ हे विधान सर्वांत मोहक आहे. चीनमधील शाओशिंगची पिवळी वाइन तापवून मातीच्या रांजणांत भरतात, तोंडावर कमळाचे पान घालून चिखलाने लिंपतात आणि वर्षानुवर्षे मुरवतात. मुलगी जन्मली की रांजण पुरायचा आणि तिच्या लग्नात उकरून काढायचा, ही तिकडची जुनी परंपरा. जपानमध्येही तीन किंवा अधिक वर्षे मुरवलेल्या साकेला ‘कोशू’ म्हणतात. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगाने तिला मधासारखा रंग आणि जळक्या साखरेचा, सुक्या मेव्याचा गंध येतो. पण ही मुरवणी जाणकाराने त्यासाठी निवडलेल्या वाइनवर, त्याच्या देखरेखीखाली होते. फळांसारख्या गंधासाठी नावाजलेली गिंजो साके कपाटात पाच वर्षे विसरली, तर तिचा तो गंधच आधी उडतो आणि त्याजागी ‘हिनेका’ नावाचा, आंबवलेल्या भाज्यांची आठवण करून देणारा गंधकयुक्त वास येतो. त्याला मुरणे म्हणणे म्हणजे विटलेल्या कापडाला जरीचे म्हणणे होय. उष्णतेने हे सारे वेगाने होते. प्रकाशाने तर त्याहून वेगाने, कारण थेट उन्हात साकेचा रंग आणि वास काही तासांतही बिघडू शकतो. तपकिरी आणि हिरव्या बाटल्या केवळ शोभेसाठी नसतात.

उघडलेल्या बाटलीत हवा शिरते, आणि तेथून गणित दिवसांचे होते. गिंजोचा गंध काही दिवसांतच मंदावतो. तापवलेली साधी साके फ्रीजमध्ये एकदोन आठवडे पिण्याजोगी राहते. नामाझाके आठवड्याच्या आत संपवावी. शाओशिंग मुळातच हवेशी परिचित असल्यामुळे अधिक तग धरते, आणि स्वयंपाकापुरती ती फ्रीजमध्ये काही महिने सहज चालते. ‘वाइन’ या शब्दामुळे बाटली आडवी ठेवणारेही पुष्कळ भेटतात; पण ओले राहावे असे बूच येथे नसतेच, आणि आडव्या बाटलीत हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग मात्र वाढतो. उरलेली साके लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवणे हा साधा उपाय आहे.

राहता राहिले व्हिनेगर. असिटिक आम्ल तयार करणाऱ्या बहुतेक जिवाणूंना हवा हवी असते आणि १५ टक्के अल्कोहोल त्यांना जड जाते. म्हणूनच तांदळाचे व्हिनेगर करणारे ते अल्कोहोल आधी पाणी घालून बरेच उतरवतात. विसरलेली साके त्यामुळे बहुधा व्हिनेगर न होता नुसतीच शिळी होते. माकगोलीचे व्हिनेगर होऊ शकते, आणि कोरियात ते मुद्दाम करतातही. फ्रीजबाहेर वर्षभर टिकणारी बाटली ज्यांनी खरोखर पाहिली आहे, त्यांनी तिचे लेबल एकदा वाचावे : ती बहुधा स्वयंपाकासाठी मीठ घातलेली वाइन असते, आणि तिच्या टिकण्यात त्या मिठाचाही वाटा असतो.