चिठ्ठी पोचवणारीचं म्हणणं

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा एक फोटो आला. विवाह नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर ती आणि तो, दोघंही त्रेपन्न वर्षांची, आणि मध्ये काठी टेकून तिच्या सासूबाई. त्याखाली बदाम आणि "शेवटी खरं प्रेम जिंकलं" असे मेसेज. मला वेगळे आलेले मेसेज निराळे होते. "या वयात काय नडलं होतं तिला?" दोन्ही प्रकार मला लागले. त्या दोघांना विचारून, नावं न घेता लिहितेय.

सांगलीचं विलिंग्डन कॉलेज, १९८८ ते ९१, बीएस्सी. तो मिरजेहून यायचा, ती गावभागातून. त्यांच्या चिठ्ठ्या मी पोचवायचे. केमिस्ट्रीच्या जर्नलच्या खाकी कव्हरात सरकवलेली चिठ्ठी, आणि जर्नल माझ्या हातात. तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मग तिच्या घरी कळलं, जात आडवी आली, महिन्याभरात स्थळं बघायला सुरुवात झाली. त्याची शेवटची चिठ्ठी मीच नेली होती. रविवारी पाच वाजता आयर्विन पुलावर ये, एवढंच होतं. चिठ्ठी दिली आणि वर मीच तिला म्हणाले, "जाऊ नकोस, आणखी वाढेल." ती गेली नाही. तो अंधार पडेपर्यंत थांबला होता, हे नंतर कळलं. हे माझ्या मनातून कधीच गेलं नाही.

१९९२ ला तिचं लग्न झालं. "खरं प्रेम" लिहिणाऱ्यांना मला इथेच थांबवायचंय. तिचा नवरा फार चांगला माणूस होता. तिला एमएस्सी करायला लावली, परीक्षेच्या दिवसांत मुलाला स्वतः सांभाळलं. २०१४ ला तो हार्ट अटॅकने गेला. तिच्या संसाराची ती बावीस वर्षं खोटी होती का? ती कुणाची वाट बघत बसली नव्हती. तिचा संसार झाला, भरून झाला. त्याचाही पुण्यात झाला आणि मोडला, तो त्याचा विषय.

ऑगस्ट २०१९, कृष्णेचा महापूर. सांगलीकरांना सांगायला नको. पाण्याची पातळी त्याच आयर्विन पुलापाशी मोजतात, त्यामुळे दिवसरात्र एकच प्रश्न, "आयर्विनला किती फूट?" धोक्याची पातळी पंचेचाळीस, आणि पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. तिला आणि सासूबाईंना बोटीतून काढलं, दोघी विश्रामबागेत माझ्याकडे आल्या. त्या रात्री त्याचा फोन मला आला. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य, "ती कुठंय?"

हायवे सुरू झाल्यावर तो आला. गमबूट, खराटे, फिनेलचे कॅन घेऊन. चार दिवस आम्ही घरातला गाळ काढत होतो. तिसऱ्या दिवशी खालच्या कपाटातून लग्नाचा अल्बम निघाला, चिखलाचा नुसता लगदा. ती म्हणाली, "टाक की, काय राहिलंय त्यात." त्याने टाकला नाही. गच्चीवर परातीत स्वच्छ पाणी घेऊन बसला. ओले फोटो तसेच वाळले तर एकमेकांना चिकटतात, ओले असतानाच सोडवावे लागतात. बोटाच्या पेराने एकेक फोटो सोडवून, खळबळून, वर्तमानपत्रावर उताणा ठेवत गेला. तिच्या नवऱ्याचे फोटो, मुंडावळ्यांतले, बारशातले. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसून बघत होत्या. एकोणीस फोटो वाचले.

लग्नाचं त्यानंतरही चार वर्षं कुणी बोललं नाही. लॉकडाऊनमध्ये फोन व्हायचे. जुन्या आठवणी पहिल्या महिन्यातच संपल्या, असं ती सांगते. मग त्याचं बीपी, तिच्या शाळेतल्या पोरी, सासूबाईंचे गुडघे. म्हणून "दुसरी संधी" हा शब्द मला पटत नाही. पुलावर थांबलेला मुलगा परत आला नाही, येणारही नव्हता. हा दुसरा माणूस आहे, आणि तिने या माणसाला होकार दिला.

"मुलाला विचारलं का?" असंही विचारलं गेलं. विचारलं नाही, सांगितलं. माझ्या मते हेच बरोबर. त्याला दोन महिने जड गेलं, आईने तेवढा वेळ त्याला दिला.

विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवस नोटीस बोर्डावर लागते. ती वाचायला नातेवाईक मुद्दाम जाऊन आले, आणि घर कुणाच्या नावावर आहे ही चौकशी केली. आमचं कॉलेज ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं, तिच्याच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ ला विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्याला १३० वर्षं झाली. आपण कर्व्यांच्या जयंतीला स्टेटस ठेवतो आणि मैत्रिणीला "या वयात?" विचारतो. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. एक मी, एक त्याचा मित्र. तिसरी सही सासूबाईंची, थरथरत्या हाताने, पूर्ण नावानिशी. घरी आल्यावर त्यांनी त्याला पहिलं काम सांगितलं. पुरानंतर भिंत रंगवली तेव्हापासून त्यांच्या गेलेल्या मुलाचा फोटो कपाटात होता, तो लावायचा होता. त्याने स्टुलावर चढून खिळा ठोकला, फोटो टांगला. "जरा डावीकडे घे, बाळ," त्या म्हणाल्या. त्याने घेतला.