सड्यावर जपून पाऊल टाका

चोर्ला घाटातल्या चालण्याच्या क्लबच्या सहलीवरचा लेख वाचला. आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळी एकत्र डोंगर चढली, फार बरं वाटलं. पण धबधब्याचं एवढं कौतुक आणि सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ, मात्र एका ओळीत उरकला, हे आम्हा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या लोकांना खटकणारच! पाऊस ओसरताना त्या कातळावर सीतेची आसवं फुलतात. नखाएवढं जांभळं फूल, चिमूटभर माती आणि बोटभर पाणी यावर जगणारं. त्याला मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यांत सूक्ष्म जीव अडकतात आणि तेच त्याचं खाणं. अशा जागी माणसं पांगून चालली, जेवायला ताडपत्री अंथरली की सगळा चुराडा. म्हणून उघड्या खडकावरून एकामागोमाग चला, डबे खाली रस्त्याकडेला उघडा.

जळवांना घाबरू नका, नखाने सरकवली की सुटते. फांदीला हात घालण्याआधी मात्र नीट बघा, मलबारी चापडा हा विषारी साप पानांत बेमालूम मिसळून बसलेला असतो. म्हादई अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधीच काढा. आणि तिथल्या सुर्ला गावातलाच जाणता वाटाड्या सोबत घ्या, त्याला मजुरीही नीट द्या.