एजीपी कार्डाला कानस लावू नका

‘जुना पीसी भंगारात देऊ नका, रिकामे स्लॉट वापरा’ असा चार मुद्द्यांचा मेसेज सध्या फिरतोय. साकीनाक्याला गाळा असलेल्या माझ्या मावसभावाकडेही तो आला. त्याचं एनग्रेव्हिंग मशीन पेंटियम ४ च्या पीसीवर चालतं आणि मेसेज वाचून तो कार्ड घासायला निघाला होता. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेज म्हणतो, तपकिरी एजीपी स्लॉटमध्ये (जुन्या पीसीतला ग्राफिक्स कार्डाचा खास स्लॉट) कुठलंही एजीपी कार्ड चालतं. बसत नसेल तर कानशीने नवी खाच पाडा. हे धादांत चूक आहे. इंटेलचं एजीपी स्पेसिफिकेशन उघडून बघा. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत सिग्नल ३.३ व्होल्टचे होते. १९९८ मध्ये १.५ व्होल्ट आले, २००२ मध्ये ०.८. कार्डाची खाच आणि स्लॉटमधली प्लास्टिकची आडवी भिंत याचसाठी आहेत: चुकीचं कार्ड आत जाऊच नये.

इंटेल ८४५ आणि ८५० चिपसेटचे बोर्ड फक्त १.५ व्होल्टचे. त्यात ३.३ चं कार्ड घासून बसवलंत, तर ते ३.३ व्होल्टचे सिग्नल थेट नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला प्रोसेसरशी जोडणाऱ्या बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये ढकलतं. नॉर्थब्रिज जळतो, म्हणजे मदरबोर्ड संपला. ती चिप बदलून देणारा कारागीर शोधण्यापेक्षा दुसरा बोर्ड स्वस्त पडतो. शिवाय घासताना तिथले कॉन्टॅक्ट कापले जातात आणि तांब्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, ते वेगळंच.

तपासायला पाच मिनिटं लागतात. पीसी बंद करा, भिंतीतला प्लग काढा (नुसतं शटडाऊन केल्यावर बोर्डावर ५ व्होल्ट स्टँडबाय असतोच), मग स्लॉट बघा. आडवी भिंत पीसीच्या मागच्या बाजूला, म्हणजे कार्डाच्या पत्र्याच्या पट्टीकडे असेल तर स्लॉट ३.३ चा. पट्टीपासून लांब असेल तर १.५ चा. भिंतच नसेल तर दोन्ही चालतात, आणि तिथे कानशीचं काहीच काम नाही. कार्डावरही हाच नियम. पण दोन खाचा दिसल्या म्हणून निर्धास्त होऊ नका: टीएनटी२ चिपच्या काही जुन्या कार्डांना दोन खाचा असूनही ती ३.३ चीच असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनं कार्ड घेताना चिपचं नाव वाचूनच घ्या.

नुसती स्क्रीन हवी असेल तर साधं पीसीआय (जुन्या पीसीतले नेहमीचे स्लॉट) डिस्प्ले कार्ड लावा आणि बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ पीसीआयवर ठेवा. व्होल्टेजची ही भानगडच नको.

दुसरा मुद्दा, छोटा स्लॉट म्हणजे ‘अर्धा पीसीआय’. नाही. तो एएमआर किंवा सीएनआर असतो, मुख्यतः मोडेम आणि ऑडिओसाठी. वायफाय कार्ड तिथे बसणार नाही. सोडून द्या तो.

तिसरा, कन्व्हर्टर लावून पीसीआयवर नवं ग्राफिक्स कार्ड ‘फुल स्पीड’ चालतं. कन्व्हर्टर मिळतात आणि काही कार्डं त्यावर चालतातही, एवढं मान्य. पण ३३ मेगाहर्ट्झच्या ३२ बिट पीसीआयची मर्यादा सेकंदाला १३३ एमबी, तीही सगळ्या स्लॉटमध्ये वाटून. नव्या ग्राफिक्स कार्डांचा स्लॉट म्हणजे पीसीआय एक्सप्रेस एक्स१६; त्याची पहिली पिढीही एका दिशेला सेकंदाला ४ जीबी देते. वर पीसीआय स्लॉटमधून जास्तीत जास्त २५ वॉट. यूएसबी किंवा साटा कार्डासाठी कन्व्हर्टर ठीक. गेमसाठी पैसे घालवू नका.

शेवटचा मुद्दा गाळेवाल्यांच्या कामाचा, म्हणून जास्त धोक्याचा: ‘मशीनचं आयएसए कार्ड यूएसबी कन्व्हर्टरवर लावा’. आयएसए म्हणजे पीसीआयच्याही आधीचा स्लॉट. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारी बरीच सॉफ्टवेअर कार्डाच्या ठरावीक पोर्ट-पत्त्यावर थेट लिहितात. यूएसबीच्या पलीकडे त्यांना तो पत्ताच सापडत नाही. खरा आयएसए स्लॉट असलेला औद्योगिक मदरबोर्ड घ्या, आणि पैसे देण्याआधी आपलं कार्ड नेऊन त्यावर मशीनचं सॉफ्टवेअर चालवून बघा. कार्ड डीएमए वापरत असेल (म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीशी डेटाची देवघेव करत असेल) तर ही चाचणी टाळूच नका, कारण आयएसए स्लॉट बोर्डाला जोडणाऱ्या काही ब्रिज चिप नेमक्या तिथेच अडतात.