पराठा नको, बसची वेळ सांगा

पंजाबातल्या लहान गावात परक्या माणसानं बसची वेळ विचारू नये. विचारली की आधी समोरचा तुमच्या पिशव्यांकडे बघतो आणि म्हणतो, "कित्थों आए ओ जी?" महाराष्ट्र म्हटलं की चेहरा खुलतो. "अच्छा, हजूर साहिब वाले!" मी नाशिकची आहे हो, पण तिथल्या लोकांच्या लेखी अख्खा महाराष्ट्र नांदेड जिल्ह्यात आहे. असू दे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला, त्यांच्यासाठी आपला नकाशा तिथूनच सुरू होणार. मग खुर्ची येते. कोणीतरी ती रुमालानं पुसतं. मग चहा येतो, चहाबरोबर मट्ठी येते, आत्याच्या पायाखाली पाट येतो. आणि बस?

"आ जाऊगी जी. तुसी बैठो."

कधी येईल? किती वाजता? अहो, मी चहा मागितला होता का?

आम्ही घुमानला गेलो होतो, आत्या आणि मी. गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव, बटाल्यापासून २५-३० किलोमीटर. नामदेव महाराज उतारवयात इथे येऊन राहिले, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, हे आपण सगळे शाळेत एका ओळीत शिकलो आणि पुढच्या धड्याकडे वळलो. मग २०१५च्या एप्रिलमध्ये ८८वं मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं, सदानंद मोरे अध्यक्ष होते, आणि काही दिवस पेपरात दुसरा विषय नव्हता. महाराष्ट्रातून इतकी माणसं एकदम तिथे जाऊन आली. एवढ्यावर एक पाटी लागायला काय हरकत होती? घुमान ते अमृतसर, गाड्यांच्या वेळा. गुरुमुखीत लावा, मी कोणाकडून तरी वाचून घेईन.

आपल्याकडच्या टूरवाल्यांचं तर नावच काढू नका. सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, संध्याकाळी वाघा, मध्ये छोले-कुलचे, आणि रात्री गाडी वैष्णोदेवीकडे. घुमान म्हटलं की "मॅडम, रूटमध्ये बसत नाही". नामदेव पायरीवर डोकं टेकणारी माणसं तासादोन तासांच्या अंतरावरून परत फिरतात. स्वतंत्र टॅक्सी करायची तर त्यानं असा आकडा सांगितला की आत्यानं हात जोडले. "बसनं जाऊ," म्हणाली, "महाराज चालत आले होते." आत्याला असं बोलायला काय जातं? पिशव्या मी उचलते.

जातानाचं ठीक झालं, कारण मेळा होता. त्यांचा माघ संक्रांतीला लागतो आणि दुसऱ्या दिवशी घुमानला नामदेवांचा मेळा भरतो. आत्याला तोच हवा होता. त्या दिवशी सगळे रस्ते घुमानलाच जातात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत गवत अंथरून माणसं येतात, जागोजागी लंगर लागलेले. बसमध्ये चढलो काय आणि उतरलो काय, गर्दीनंच सगळं केलं. आत दरबारात आत्या जी बसली ती हलेना. कीर्तनात नामदेवांचं पद लागलं तेव्हा तिला शब्द अर्धेच कळत होते आणि डोळे मात्र पूर्ण वाहत होते. लंगरात रोटी एका हातानं घ्यायला गेली तर शेजारच्या बाईनं हळूच दुसरा हात धरून ओंजळ करून दिली, तशीच घ्यायची असते तिथे. गुरुद्वाऱ्याच्या सराईत, म्हणजे धर्मशाळेत, खोली मिळाली, जाड रजया मिळाल्या. यातल्या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. हे लिहून ठेवते, नाहीतर खाली कोणीतरी "ताई, पंजाबी लोक किती प्रेमळ असतात" हे मला समजावायला येईल. माहीत आहे मला! प्रेमळपणाचाच तर ताप झाला.

दुसऱ्या दिवशी मेळा उठला आणि गर्दीबरोबर बसही कुठे तरी गेली. संध्याकाळी अमृतसरहून आमची गाडी. सराईतल्या सेवादारांना विचारलं, सकाळची बस किती वाजता? "पहलां परशादा छको जी." जेवून घेतलं. आता सांगा. "चौक चों मिल जाऊगी." चौकात आलो. धुकं असं की रस्त्यापलीकडचं दुकान दिसत नव्हतं, नुसता हॉर्न ऐकू यायचा आणि मग दिवे.

त्या चौकातली गंमत सांगते. पाट्याच पाट्या. आयलेट्स, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, तिचं कोचिंग, एवढ्या दिवसांत एवढा बँड, म्हणजे एवढे गुण. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्पाउस व्हिसा. अभ्यासात गॅप असला तरी चालेल. आधी व्हिसा नाकारला असेल तरी चालेल. फी नंतर, काम आधी. खिडकीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत, फोन नंबरांसकट. म्हणजे त्या चौकात उभं राहून एखाद्याला व्हँकुव्हरला कसं जायचं हे पंधरा मिनिटांत कळेल. बटाल्याला कसं जायचं? त्याची एक चिठ्ठीसुद्धा कुठे डकवलेली नाही.

बसवरच्या पाट्या गुरुमुखीत. याबद्दल मी बोलणार नाही, कारण आपल्या एसटीवरची पाटी तरी कोणत्या पंजाब्याला वाचता येते. पण गुरुमुखी फसवी आहे, ओळखीची वाटते. त्यांचा 'स' आपल्या 'म'सारखा दिसतो, आत्या दोन दिवस सगळीकडे "माहिब, माहिब" वाचत होती.

मग विचारणं आलं. खताच्या दुकानदारानं सांगितलं, "दस मिंट." चहावाला म्हणाला, "हुणे निकली ए." म्हणजे गेली? "नहीं नहीं, होर आऊगी." स्कूटरवरचे एक सरदारजी मुद्दाम थांबले आणि म्हणाले, अमृतसरला जायचं तर बटाल्याहून कशाला, मेहता गावावरून जा. दुकानदार म्हणाला, मेहत्याला जाऊन काय करतील, बटाला सरळ पडतं. झालं! दोघांची जुंपली. कोणत्या रस्त्याला खड्डे आहेत, कोणाच्या साडूला परवा किती वेळ लागला, बटाल्याच्या फाटकावर किती खोळंबा होतो. तिसरा आला, तो म्हणाला ब्यासला जाऊन रेल्वे पकडा. आत्या त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती. मी मध्येच विचारलं, पण वीरजी, बस किती वाजता? तिघांनीही माझ्याकडे असं बघितलं जणू मी विषय बदलला.

चौकात वही घेतलेला एक माणूसही होता. बसवाल्यांचा हिशेब बघतो तो. खासगी गाड्यांना आपापला 'टाइम' ठरवून दिलेला असतो, त्यावरून त्यांची रोज भांडणं होतात, म्हणजे वेळापत्रक अस्तित्वात आहे! मी जवळजवळ धावतच त्याच्याकडे गेले. त्यानं अगदी आपुलकीनं वही उघडून दाखवली. ओळीनं वेळा लिहिलेल्या होत्या, पेन्सिलीनं, सुबक. गेलेल्या बसच्या. आणि पुढची? पेन्सिल कानामागे खोचून म्हणाला, "आऊ, ते लिखांगे." आली की लिहू.

मला त्या क्षणी आपल्या एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीची इतकी आठवण आली म्हणून सांगू! तो आतला माणूस वर बघत नाही. दोनदा विचारलं की खेकसतो. "बोर्डावर लिहिलंय ना, वाचता येत नाही का?" पण बोर्ड असतो. रंग उडालेला असेल, निम्म्या गाड्या बंद झालेल्या असतील, पण आपण बोट दाखवून भांडू शकतो की सव्वानऊची लिहिली होती, कुठाय? इथे भांडणार कोणाशी? ज्याच्याशी भांडायचं तो तुमची पिशवी उचलून सावलीत ठेवतोय. सावली कसली, धुक्यात. पण ठेवतोय.

सरकारी बसचं निराळंच. २०२१पासून पंजाबात बायकांना सरकारी बसमध्ये तिकीट नाही, पण पंजाबच्या रहिवासी बायकांना, आधार दाखवून. आपल्याकडे २०२३पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तसंच पण पुढचं पाऊल. आमचा पत्ता नाशिकचा, आम्ही पैसे देणार, त्यात काही वाद नाही. पण चौकातल्या बायका काय सांगत होत्या ऐका. नुसत्या बायका उभ्या दिसल्या तर काही ड्रायव्हर गाडी थांबवतच नाहीत. म्हणून त्यांनी एका काठीवाल्या बाबाजींना पुढे उभं केलं होतं, हात करायला. बाबाजींना कुठेही जायचं नव्हतं. ते रोज येतात म्हणे.

तर अशा त्या चौकात, समोरच्या घरातली बाई बाहेर आली. थंडीत म्हातारी माणसं उभी केलीत, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांना तिनं झापलं, आणि आत्याचा हात धरून आत घेऊन गेली. "बैनजी, बस इत्थों ई लंघदी ए, आवाज आऊगी." इथूनच जाते, आवाज येईल. मी नको नको म्हणत होते. आत्या चप्पल काढून मोकळी! मुळ्याचा पराठा, त्यावर लोण्याचा गोळा, दह्याची वाटी, आणि पेल्यात नाही, तांब्यात म्हणावा एवढा चहा. पहिला संपायच्या आत दुसरा ताटात. "होर लओ जी." मी दरवाज्याकडे तोंड करून बसले होते. आत्या आणि ती बाई दोन वेगळ्या भाषांत सुनांविषयी बोलत होत्या आणि त्यांचं पूर्ण एकमत होत होतं.

आवाज आला. हॉर्न असा की भिंतीवरचा कॅनडातल्या मुलाचा फोटो हलला. मी हातात पराठा घेऊन बाहेर पळाले. लाल दिवे धुक्यात जाताना दिसले, मागच्या काचेवर शिखांच्या खंडा या चिन्हाचं चित्र, एवढंच. बाबाजी काठी उंचावून उभे होते, बायका चढल्या होत्या, आमच्या पिशव्या आत घरात होत्या.

"कोई नी," बाई मागून म्हणाली, "होर आ जाऊ." आणि आत्या, माझी सख्खी आत्या, म्हणाली, "बघ, म्हणतायत ना येईल म्हणून. चल, गार होतोय."

आता मला सांगा, चिडायचं कोणावर? तोंडात लोणी असताना माणसाला ओरडताही येत नाही!

चौकात परत येऊन उभी राहिले तेव्हा कोपऱ्यात एक मजूर दिसला. बटाटे काढायला आलेला, बिहारचा, पायाशी बोचकं, अंगावर एकच शाल. तो मघापासून तिथेच होता. त्या सगळ्या वादावादीत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, मीही नाही. विचारलं, भैया, अमृतसर की बस? त्यानं तोंडपाठ सांगितलं. आत्ता कोणती गेली, पुढची कधी, ती मेहत्याला किती वेळ थांबते, पुढची कोणती मध्येच गाळली जाते, धुकं असेल तर किती धरायचं. मिनिटांसकट. मी तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. आणि कसं माहीत असणार नाही? चौकातल्या बाकी प्रत्येकाकडे मोटरसायकल आहे, गाडी आहे, नाहीतर गाडीवाला पुतण्या आहे. बसनं जाणार कोण? म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरी आणि हा. पाटी लागली नाही ती कोणासाठी, ते मला तिथे कळलं आणि जास्तच डोकं फिरलं.

बस त्यानं सांगितलेल्या वेळेला आली. आत मोठ्या आवाजात गाणी, खिडकी बंद होईना, आत्याला शेजारणीनं शेंगदाण्याची गजक दिली. मेहत्याला पोचेपर्यंत फोनवर संदेश आला की धुक्यामुळे आमची गाडी कित्येक तास उशिरा सुटणार आहे. रेल्वेनं कळवलं. रेल्वेनं! ज्या रेल्वेला आपण जन्मभर शिव्या घालतो तिनं न विचारता वेळ सांगितली, आणि मला गहिवरून आलं, इतकी वाईट अवस्था झाली होती.

आता आत्याच्या भजनी मंडळातल्या बायकांना पुढच्या संक्रांतीला जायचंय. मंडळाच्या ग्रुपवर रोज मला विचारणा: ताई, सविस्तर टाका. टाकलं सगळं. राहायचं कुठे, डोकं झाकायला रुमाल, स्वेटर दोन घ्या, जेवणाची काळजी करू नका. आणि बसच्या वेळा त्या तिकिटावरून जशाच्या तशा उतरवल्या. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, बस मिळेपर्यंत कोणाच्याही घरी चहाला जाऊ नये.

त्याखाली आत्याचा संदेश आहे: असं काही नाही. जरूर जा. मुळ्याचा मागा.